जोडशब्दांची वाटणी

मंगळवार, ४ मार्च

बारके,

खुशाली विचारत नाही. इतक्या लांबून ज्याला बहिणीच्या घराला सुरुंग लावता येतो त्या माणसाची तब्येत ठणठणीतच असणार. फोनही करत नाही, कारण फोनवर तू रडायला लागतेस आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

टेकडीवरच्या त्या ज्येष्ठ निवासाच्या कार्यालयातून काल मला एक पाकीट आलं. आत एका अर्जाची प्रत. आमच्या वडिलांना आपल्या निवासात कायमची खोली मिळावी, असा अर्ज, खाली दादाची सही. सोबत निवासाची रंगीत माहितीपत्रिका आणि व्यवस्थापक बाईंची चिठ्ठी, की वडील सध्या आपल्याकडे राहतात, तेव्हा आपली संमती किंवा हरकत महिनाअखेरपर्यंत लेखी कळवावी. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत. त्यांना माझ्या घरातून उचलून टेकडीवर नेऊन ठेवायचं घाटत होतं, आणि मला ते कळलं एका परक्या बाईच्या चिठ्ठीतून.

अर्ज इंग्रजीत आहे, चांगला दोन पानी. आता मला सांग, आपला दादा इंग्रजीत दोन पानं लिहील? चष्म्याच्या दुकानावर 'आज बंद' अशी पाटी लावायची तरी तो मला फोन करून विचारतो. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी लाल पेन घेतलं आणि अर्ज तपासायला बसले. मिक्सर आणि इस्त्र्यांच्या माहितीपुस्तिका तपासण्यात माझा जन्म चाललाय. मजकूर कुणी लिहिलाय ते मी वाक्यांवरून ओळखत नाही, वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात. दोन वाक्यांमधला सांधा बघायचा. माणूस तिथे सापडतो.

बाबांचे ते पत्ते तू विसरली नसशील. विसरली असलीस तर आठवण करून देते, म्हणजे नंतर कानावर हात ठेवायला नको. इंग्रजीचे मास्तर घरात, त्यामुळे शाळा सुटली तरी आपली शाळा सुटायची नाही. जेवणाच्या टेबलावर कागदाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक इंग्रजी वाक्य, आणि शेजारी जोडशब्दांचे पत्ते. कुठल्या दोन वाक्यांमध्ये कुठला शब्द बसतो ते सांगायचं. त्या पत्त्यांवरून आपण इतके भांडायचो की बाबांनी वैतागून वाटणीच करून टाकली. कारणाचे पत्ते दादाला, बिकॉज आणि देअरफोर. भर घालायचे मला, ऑल्सो, मोअरओव्हर, इन ॲडिशन. आणि उलटं बोलायचे तुला, कारण तू पाळण्यापासून उलटंच बोलतेस: हाऊएव्हर, ऑल्दो, नेव्हरदलेस. दुसऱ्याच्या पत्त्याला हात लावला की रडारड. शेवटी आपण बोलायलाही तसेच लागलो. दादाचं अजून बघ, पाऊस होता, त्यामुळे उशीर झाला, त्यामुळे गिऱ्हाईक गेलं. मी एक तक्रार काढली की तिला दुसरी चिकटलेली असते, हे तूच म्हणायचीस.

तर या अर्जात काय आहे? 'माझी बहीण वडिलांची काळजी मनापासून घेते. हाऊएव्हर, काळजी आणि सोबत या वेगळ्या गोष्टी आहेत.' त्याच्याखाली, ऑल्दो घर सोयीचं आहे, तिथे त्यांच्या वयाचं कुणी येत नाही. आणि दुसऱ्या पानाच्या तोंडाशीच नेव्हरदलेस. एवढा गोड पुळका दाखवून मागून काढलेला चिमटा दादाचा नाही. दादाला चिमटा काढता येत असता तर वहिनींनी त्याला इतकं गुंडाळून ठेवलं नसतं.

हा अर्ज तुझा आहे. दोन वर्षांपूर्वी दारात बॅग ठेवून तू म्हणालीस, की या घरात खिडकी उघडायलासुद्धा ताईची परवानगी लागते, आणि निघून गेलीस. तिकडे कॉलेजात पोरांना निबंध शिकवतेस आणि इकडे भावाच्या आडून अर्ज लिहितेस. उलट टपाली कळव, हो की नाही. उत्तरात हाऊएव्हर नको.

अजून तरी तुझीच,
ताई

शनिवार, १५ मार्च

बारके,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. 'ताई, मी अर्ज लिहिलेला नाही. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. बाबा कसे आहेत? तू कशी आहेस?' संपलं. चार वाक्यं आणि एकालाही सांधा नाही. एरवी तू 'पण' म्हटल्याशिवाय पाणी पीत नाहीस. म्हणजे हे पत्र तू जपून लिहिलंस, आणि माणूस कधी जपून लिहितो हे निबंधाच्या बाईंना मी सांगायला नको.

गुरुवारी दुपारी बाबा झोपलेत हे बघून मी बाहेरून कुलूप लावलं आणि दादाच्या दुकानात गेले. कुलूप त्यांच्याच भल्यासाठी लावते. मागे एकदा ते मला न सांगता कोपऱ्यावरच्या पेपरवाल्यापर्यंत गेले होते, तेव्हापासून.

दादा एका बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होता. मला बघितल्यावर तो तोच चष्मा काढत आणि बसवत राहिला. शेवटी बाईच म्हणाल्या, "अहो, दिसतंय मला, राहू द्या आता." त्या गेल्यावर मी सरळ विचारलं.

"अर्ज कुणी लिहिला?"

"सही माझी आहे."

"सही मला वाचता येते. लिहिला कुणी?"

"हे बघ, मी शब्द दिलाय, त्यामुळे मी सांगणार नाही. आणि सांगणार नाही, त्यामुळे तू विचारू नकोस."

एवढ्यात वहिनी मागच्या खोलीतून चहा घेऊन आल्या. चहात साखर बरोबर माझ्या मापाची होती. या बाईंच्या हातून आजवर माझ्या चहात साखर कधी बरोबर पडलेली नाही. मला तेव्हाच कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"एकदा जाऊन तर बघा," वहिनी म्हणाल्या. "मोकळी जागा आहे, बाग आहे."

"तुम्ही बघितलीत?"

वहिनींनी दादाकडे बघितलं. दादानं एक स्वच्छ काच घेतली आणि पुसायला सुरुवात केली.

आणि मला आठवलं. मागच्या महिन्यात दादा बाबांना डोळे तपासायला म्हणून घेऊन गेला होता. सकाळी नेलं, दिवेलागणीला आणून सोडलं. स्वतःच्या वडिलांचे डोळे तपासायला चष्मेवाल्याला अख्खा दिवस लागतो? मी तेव्हा विचारलं होतं. बाबा म्हणाले, गर्दी होती. त्या दुकानात गर्दी! त्या दिवशी दोघांनी बाबांना टेकडीवर नेलं आणि त्यांच्या डोक्यात काहीबाही भरवलं, हे मला आता स्वच्छ दिसतंय.

एकच गोष्ट कळत नाही. घर माझं, बाबांच्या नावावर काही नाही, मग यात तुमचा फायदा काय? मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. फायदा सापडत नाही, आणि फायदा सापडला नाही की मला जास्त भीती वाटते.

बाबा बरे आहेत. मी बरी आहे. विचारलंस म्हणून सांगितलं.

ताई

बुधवार, १९ मार्च

बारके,

सापडला! तू नसशीलही कदाचित. निदान एकटी तरी नाहीस.

अर्जासोबतची ती रंगीत माहितीपत्रिका मी आज नीट बघितली. शेवटच्या पानावर बागेचा फोटो आहे. बाकावर कोण बसलंय? शिंपीकाका! पुढ्यात बुद्धिबळाचा पट आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं मिश्कील हसू.

तुला ते आठवत असतील. बाबांच्या शर्टांची कॉलर उलटून द्यायचे आणि मग डाव मांडून बसायचे. माझ्याकडेही रोज संध्याकाळी यायचे. तू गेल्यानंतरची गोष्ट आहे, बाबांच्या शर्टाच्या खिशात मला पेपरमिंटचे कागद सापडायला लागले. डॉक्टर म्हणतात साखर बंद, आणि हे मास्तर खिशातून गोळ्या खातात. शिंपीकाका आले की कागद, नाही आले की खिसा रिकामा, याचा अर्थ लहान मूलही लावील. एके दिवशी मी त्यांना दारातच सांगितलं, काका, बाबांची तब्येत जरा सुधारेपर्यंत येऊ नका. ते पुन्हा आले नाहीत. बाबांनी दोन-चारदा विचारलं, मी म्हटलं, कामात असतील. मग त्यांनी विचारायचं सोडलं.

म्हणजे हा माणूस तिथे जाऊन बसला आणि तिथून सूत्रं हलवतोय. त्याचा डाव मी उधळून लावणार आहे. हरकतपत्र लिहायला घेतलंय, इंग्रजीत, आणि असं लिहिणार आहे की व्यवस्थापक बाईंना पुन्हा पाकीट पाठवायचा धीर होऊ नये.

ताई

रविवार, २३ मार्च

बारके,

तुझ्यावर केलेला आरोप मी मागे घेते. शिंपीकाकांवरचाही. अर्ज कुणी लिहिला ते कळलं. तू बसली नसशील तर आधी बस.

आज सकाळी हरकतपत्राचा कागद टेबलावर ठेवून मी गच्चीतले कपडे आणायला गेले. परत आले तर बाबा खुर्चीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, माझा कागद पुढ्यात आणि माझंच लाल पेन हातात. कपड्यांचा ढीग माझ्या हातात तसाच.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "स्पेलिंग एक चुकलेलं नाही."

"मग लाल कशाला केलंत?"

"तूच वाच ना."

मी वाचलं. माझ्या घरी वडिलांना स्वतंत्र खोली आहे. मोअरओव्हर, त्यांची औषधं मी वेळच्या वेळी देते. इन ॲडिशन, त्यांचं जेवण मी स्वतः मापून वाढते. ऑल्सो, त्यांना कोण भेटायला येतं यावर माझं बारीक लक्ष असतं. बाबांनी प्रत्येक जोडशब्दाभोवती एक लहानसा गोल काढला होता. शाळेत काढायचे तसाच, रागावल्यासारखा नाही.

"नुसती भर घातलीस," ते म्हणाले. "सोय, आणखी सोय, वर आणखी सोय. वडिलांनी इथेच का राहावं, ते कुठे आहे? पानभरात एक बिकॉज नाही."

"ते दादाचे पत्ते," मी म्हणाले. वाटलं, हसतील.

"वाटणी तुम्ही भांडू नये म्हणून केली होती. जन्मभर पाळा, असं कोण म्हणालं?"

ते हे इतक्या सहज म्हणाले, आणि हरकत कशावर घेतेस हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मी कपडे शेजारच्या खुर्चीवर टाकले.

"बाबा, अर्ज तुम्ही लिहिलात?"

"हो."

"पण त्यात हाऊएव्हर आहेत. ते तर बारकीचे..."

"आणि बारकीला कुणी शिकवले?"

मी तोंडघशी पडले, बारके. तुम्हा सगळ्यांचे सांधे तपासले. ज्यानं सगळे सांधे आपल्याला वाटून दिले तो माणूस माझ्यासमोर रोज चहा पीत होता, आणि माझा संशय त्याच्याकडे एकदाही वळला नाही. त्यांचे डोळे त्या दिवशी तपासलेच नव्हते. दादा त्यांना टेकडीवर घेऊन गेला, दिवसभर ते शिंपीकाकांशी खेळले, आणि परतताना दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी अर्ज लिहिला. निवासाच्या नियमाप्रमाणे अर्जावर घरच्या माणसाची सही लागते, म्हणून दादाची.

"मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर त्या दिवसापासून तू किल्ली उशाशी घेऊन झोपली असतीस."

किल्ली मी उशाशी घेऊनच झोपते.

मग बाबांनी चष्मा काढला. "तू माझं सगळं करतेस बाळ, कुणी करणार नाही इतकं करतेस. पण माझा शर्ट धुवायला नेताना आधी खिसे चाचपतेस, आणि चाचपताना माझ्याकडे बघतेस. मी शाळेत पोरांचे खिसे तपासायचो, तेव्हा त्यांना कसं वाटत असेल ते मला आता कळतं. इथे मला चोरासारखं राहावं लागतं. मी कंटाळलोय."

मी म्हटलं, "माझा जीव घाबरतो म्हणून करते."

"ठाऊक आहे. आता मला सांग, मी इथे का राहावं? औषधांचं सोड, औषधं तिथेही देतात. जेवणही देतात. दुसरं काय?"

बारके, उत्तर मला माहीत होतं. ते न देता मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले.

ताई

शनिवार, २९ मार्च

बारके,

तुझं पत्र कालच आलं. या वेळी चांगलं लांबलचक आहे. दोन वर्षांपूर्वी तू रागावून गेली नव्हतीस, थांबलीस तर माझ्यासारखी होशील या भीतीनं गेलीस, असं लिहिलंयस. हे वाचून मला राग यायला हवा होता. आला, पण थोडाच.

संमतीपत्र पाठवलं. बाबांना मदत मागितली, तर म्हणाले, पेपर तुझा, मी पर्यवेक्षक. दोन दिवस कागद कोरा होता. शेवटी लिहिलं, 'वडिलांना तिथे राहायचं आहे, देअरफोर माझी संमती आहे. ऑल्दो ते जावेत असं मला वाटत नाही.' दुसरं वाक्य कार्यालयाला काहीच कामाचं नाही. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात असतं तर मी ते उडवलंच असतं. राहू दिलं.

पाकीट चिकटवायच्या आधी मी बाबांना त्यांच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तुलाही सांगते, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही इथे राहावं, कारण तुम्ही गेलात की या घरात मी एकटी उरते. दिवसभर काळजी करायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही. तुमच्या औषधांवर माझा दिवस चालतो. मी तुम्हाला सांभाळत नव्हते, धरून ठेवलं होतं." बोलताना मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं.

मला अगदी आतून वाटत होतं, की खरं कारण सांगितलं की ते राहतील. जन्मभर हेच शिकवलं ना त्यांनी, कारण सांगा म्हणजे समोरच्याला पटतं?

ते जरा वेळ माझा हात हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "आता कारण पटलं. तरी मी जाणार."

येत्या मंगळवारी दादा गाडी घेऊन येणार आहे. सामान एका पेटीत मावलं. पेटी त्यांनी स्वतः भरली. मी दाराबाहेर उभी राहिले आणि आत बघितलं नाही. ते मला किती जड गेलं हे फक्त तुला समजेल.

सुट्टीत येऊ का, असं तू विचारलंयस. त्याचं नंतर लिहिते.

ताई

रविवार, ६ एप्रिल

बारके,

बाबा गेले. म्हणजे टेकडीवर गेले. हे वाक्य लिहून मीच दचकले. पण खोडत नाही, पुढे वाच. चांगले आहेत. शुक्रवारी भेटायला गेले होते. त्यांनी मला खोली दाखवली, मग म्हणाले, आमचा डाव अर्धा राहिलाय, तू बस हवी तर. मी बसले. त्यातलं मला काही कळत नाही, तरी बसले. शिंपीकाकांनी माझी विचारपूस केली आणि जुन्या गोष्टीबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. निघताना मीच त्यांच्यापाशी जाऊन म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते म्हणाले, "तुझ्या बाबांचा वजीर पडतोय, मध्ये बोलू नकोस."

घरी मात्र चैन पडत नाही. काम आहे, हीटरची माहितीपुस्तिका आली आहे, सगळी चुकांनी भरलेली. पान उलटलं की मी कानोसा घेते. बाबांच्या खोलीतून खोकला येत नाही. मग उठून बघून येते.

काल दुपारी बेल वाजली. मी कोण आहे म्हणून विचारलं नाही, भोकातून बघितलं नाही, धावत जाऊन दार सताड उघडलं. वाटलं, करमलं नाही म्हणून बाबा परत आले. दारात वीजमीटर बघणारा होता. तो मीटर बघून वही मिटत होता, तर मी त्याला म्हटलं, बसा ना, उन्हातून आलात. त्यानं मान हलवली. मी म्हटलं, चहा टाकते, पाच मिनिटांत होतो. तो म्हणाला, नको ताई. मी म्हटलं, निदान पाणी तरी घ्या, पंख्याखाली बसा दोन मिनिटं, एवढी कसली घाई आहे. तेव्हा त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मग माझ्या मागे घरात बघितलं, आत आणखी कोण आहे का म्हणून. आणि एक पाऊल मागे सरला. मी जन्मभर लोकांकडे जसं बघत आले, तसा तो माझ्याकडे बघत होता. मग घाईघाईनं जिना उतरून गेला.

तू सुट्टीत येऊ का विचारलंस, त्याला मी उत्तर दिलं नव्हतं, कारण तुला का यायचंय ते मी शोधत बसले होते. आता शोधत नाही. तू ये, बारके. मला एकटीला राहवत नाही.

ताई